कंसातली माणसं

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये होतो, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मी प्रॉम्प्टर होतो. विंगेत स्टुलावर बसायचं, मोबाईलच्या टॉर्चवर रुमाल गुंडाळून त्या उजेडात संहिता वाचायची आणि कुणी अडकलं की पुढचा शब्द हळूच फेकायचा. स्टेजवर माझा पाय पडला तो फक्त प्रयोग संपल्यावर, खुर्च्या उचलताना.

कॉलेज नगर जिल्ह्यातलंच. (पाट्यांवर आता अहिल्यानगर झालंय, पण एसटी स्टँडवर अजून 'चला नगर, नगर'च ऐकू येतं आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय.) नगरला नाटकाचं वेड जुनं. मधुकर तोरडमल इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, सदाशिव अमरापूरकर इथलेच. त्यामुळे मेकॅनिकलच्या वर्कशॉपमागच्या शेडमध्ये तालीम करणाऱ्या आम्हा पंधरा जणांनाही आपण कसली तरी परंपरा चालवतोय असं वाटायचं.

आमचा दिग्दर्शक एक सीनियर दादा होता. गॅदरिंगला वेळ कमी, म्हणून त्यानं नाटक कापून दीड तासाचं केलं. पहिल्या दिवशी झेरॉक्स वाटल्या आणि म्हणाला, पेन्सिली काढा, कंसात जे जे लिहिलंय ते सगळं खोडा. कोण कुठे बघतो, कोण काय हातात घेतो, ते लेखकाच्या डोक्यातलं नाटक असतं. आपण आपलं बसवायचं. आम्ही सगळ्यांनी इमानदारीत खोडलं. मीसुद्धा. मला तर ते फारच पटलं होतं. कोडमध्ये आपण कमेंट लिहितो, ती वाचणाऱ्या माणसासाठी असते, कंपायलर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. कमेंट उडवल्या तरी प्रोग्रॅम तसाच चालतो. रंगसूचना म्हणजे नाटकातल्या कमेंट, असा माझा हिशोब.

तीन आठवडे तालीम झाली आणि नाटक काही केल्या उभं राहीना.

ज्यांनी हे नाटक वाचलं-बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विजय तेंडुलकरांचं हे नाटक 1967 साली 'रंगायन'नं केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. मुंबईची एक हौशी मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला आलेली असतात. रात्रीच्या प्रयोगाला अवकाश असतो, म्हणून वेळ घालवायला ते एक खोटा खटला भरवतात आणि आरोपी म्हणून आपल्यातल्याच लीला बेणारे या शिक्षिकेला उभं करतात. खेळ म्हणून सुरू झालेला हा खटला हळूहळू तिच्या खऱ्या आयुष्यात शिरतो: लग्न न झालेली बाई, पोटात मूल, आणि ज्याचं ते मूल आहे तो प्राध्यापक गैरहजर.

आमच्या तालमीत सगळे ओरडायचे. वकील ओरडायचा, न्यायाधीश ओरडायचा, बेणारे रडायची. संध्याकाळच्या मालिकेसारखं दिसायचं. शब्द एकूण एक बरोबर यायचे, प्रॉम्प्टरला कामच उरलं नव्हतं, आणि तरी समोर बसलेली ज्युनिअर पोरं मोबाईल काढायची.

मग एक दिवस न्यायाधीश काशीकरांचं काम करणारा पोरगा कंटाळला. साक्ष चालली होती, त्याला वाक्य नव्हतं. त्यानं खिशातनं बाईकची किल्ली काढली आणि डोळे अर्धे मिटून, मान तिरकी करून कान कोरायला लागला. समोर एका बाईच्या अब्रूचे धिंडवडे चाललेत आणि हा माणूस तल्लीन होऊन कान कोरतोय. शेडमध्ये एकदम शांतता झाली. बेणारेचं काम करणारी मुलगी रडायची थांबली आणि त्याच्याकडे बघतच राहिली. दादा काही बोलला नाही. मी टॉर्च तिरका धरून झेरॉक्सवर बघितलं. पेन्सिलीच्या रेघांखाली काशीकरांचं कान कोरणं होतंच. ते आम्हीच खोडलं होतं.

त्या रात्री हॉस्टेलवर मी खोडरबर घेऊन बसलो. पेन्सिल पुसत गेलो आणि पहिल्यांदाच फक्त कंस वाचले, संवाद गाळून. तुम्हीही एकदा करून बघा, कुठल्याही चांगल्या नाटकाचं. वेगळंच नाटक दिसतं.

या मंडळींचे शब्द मोठे सभ्य आहेत. समाज, नीती, मातृत्व, संस्कृती. सगळे सुशिक्षित, सगळे कर्तव्य म्हणून बोलतात. नुसते संवाद वाचले तर एखाद्याला ते थोडे जुनाट पण बरे लोक वाटतील. कंसात मात्र पोंक्षे शास्त्रज्ञाच्या ऐटीत पाइप ओढतो, आणि तो इंटर नापास आहे हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणजे तो पाइप तंबाखूसाठी नसून त्या नापासाच्या शिक्क्यावर धूर सोडायला आहे. कर्णिक पान चघळतो. मिसेस काशीकर काही बोलायला जातात आणि नवरा त्यांना गप्प करतो, पुन्हा पुन्हा, तेही आम्ही 'रिपीट होतंय' म्हणून अर्धं कापलं होतं. स्वतःच्या बायकोला चारचौघांत वाक्य पुरं करू न देणारा माणूस एका परक्या बाईला न्याय द्यायला बसलाय, हे कुठल्याही पात्राच्या तोंडून सांगितलं असतं तर ते भाषण झालं असतं.

हे मला तेव्हा शब्दांत मांडता आलं नव्हतं, आता येतं. संवाद पात्राचा असतो. आपण कोण आहोत म्हणून लोकांनी समजावं, ते पात्र त्यात सांगतं. कंस पात्राच्या हातात नसतो. आपल्याकडे कुणी बघत नाहीये असं वाटत असताना ते जे करतं, ते त्यात असतं. म्हणून माणूस ओळखायचा तर कंसात. माझी कमेंटची उपमाही साफ उलटी निघाली. प्रेक्षकाच्या हातात संहिता नसते, त्याला कंस कधीच दिसत नाही, पण डोळ्यांनी तो जे बघतो ते सगळं तिथूनच आलेलं असतं. चालतो तो कंसच.

आता जुनी संगीत नाटकं घ्या. 1880 चं किर्लोस्करांचं 'शाकुंतल' किंवा 1899 चं देवलांचं 'शारदा'. त्यातल्या रंगसूचना अगदी कामापुरत्या. कोण आलं, कोण गेलं, पडदा पडला. कारण मनातलं सांगायची सोय दुसरीकडे होती. पात्राच्या मनात काही आलं की ते पद म्हणायचं, नाहीतर प्रेक्षकांकडे वळून स्वगत बोलायचं. मग 1933 साली 'नाट्यमन्वंतर'नं 'आंधळ्यांची शाळा' आणलं, खऱ्या घरासारखं घर रंगमंचावर उभं केलं, बायकांची कामं बायकांनीच केली. घर खरं दिसायला लागलं की त्यात एकटंच मोठ्यानं बोलणारा माणूस विचित्र दिसतो. स्वगत हळूहळू गेलं. पण मन तर कुठे जात नाही. ते कंसात जाऊन बसलं. हातातल्या कपात, दाराच्या कडीत, पानाच्या डब्यात. (तोरडमलांच्या 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मधला त्यांचा तो प्राध्यापक शब्द न सापडता नुसती 'ह'ची बाराखडी म्हणतो आणि अर्थ चेहऱ्यावर नि हातवाऱ्यांवर पेलतो. निम्मं वाक्य कंसातच. आमच्या घरी ते नाटक ज्यांना पाठ आहे त्यांनी ते कधी वाचलेलं नाही. वाचून कळणारच नाही.)

कडीवरून आठवलं. 'शांतता!'च्या अगदी सुरुवातीला सामंत नावाचा गावातला साधा माणूस हॉल उघडतो, मागून बेणारे येते आणि तिचं बोट दाराच्या कडीत सापडलेलं असतं. ती बोट तोंडात घालून चोखते, हसण्यावारी नेते. सामंत सांगतो की ही कडी अशीच आहे, नीट सरकवली नाही की दार लागतं आणि माणूस आत अडकतो. आम्ही हे पहिलंच पान 'स्लो आहे' म्हणून उडवलं होतं. पुढे खटला अंगावर येतो तेव्हा बेणारे उठून दाराकडे जाते. दार बाहेरून लागलेलं. त्याच कडीनं. पहिल्या पानावरचं दुखरं बोट म्हणजे काय होतं ते आत्ता कळतं, आणि एव्हाना उशीर झालेला असतो. आमच्या प्रयोगात ती दाराकडे गेली, दार उघडेना, आणि प्रेक्षकांना वाटलं की सेट अडकला. एक जण हसलाही.

इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'मध्ये, 1879 सालच्या, शेवटी खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो. नोरा गेली. आख्खा युरोप त्या आवाजावर भांडला, आणि तो आवाज म्हणजे एक रंगसूचना आहे, संवाद नाही. तेंडुलकरांची बाईही दारापर्यंत जाते. फक्त तिचं दार उघडत नाही.

तिसऱ्या अंकात बेणारे बराच वेळ बोलतच नाही. तिच्या नावावर नुसतं गप्प असणं. शेवटी तिचं ते प्रसिद्ध मोठं स्वगत येतं. अभिनयाच्या परीक्षेला मुली हमखास करतात ते. पण आजूबाजूचा कंस बघा. ती बोलत असताना बाकी सगळे जागच्या जागी गोठलेले असतात. बोलणं संपतं, ते पुन्हा हलायला लागतात आणि न्यायाधीश असा पुढे जातो की आरोपीला काही म्हणायचंच नव्हतं. म्हणजे ती बोलली की नाही? आपल्यासाठी बोलली. त्यांच्यासाठी नाही. एवढी भयंकर गोष्ट नाटककारानं एका शब्दानंही सांगितलेली नाही. सगळे निघून गेल्यावर सामंत परत येतो, पुतण्यासाठी घेतलेला कापडी हिरवा पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि जातो. त्याला काय बोलावं ते सुचत नाही. मला वाटतं, नाटकातला तेवढाच एक माणूस आहे ज्याचं बोलणं आणि करणं एकमेकांना धरून आहे.

आणि प्राध्यापक दामले. सगळा खटला ज्याच्यामुळे, तो रंगमंचावर येतच नाही. पात्रांच्या बोलण्यात त्याचं नाव येतं, बचावाचा वकील म्हणून त्याची जागाही राखलेली असते, पण तो कुठे बघतो, काय हातात धरतो, मान खाली घालतो की नाही, काहीच नाही. त्याला कंसच नाही. मी हॉस्टेलवर त्या रात्री हे पानाच्या कडेला लिहून ठेवलं आणि स्वतःवर खूश झालो.

हे सगळं मला नाटकानं शिकवलं असं म्हणणं मात्र खोटं होईल. काशीकर कान कोरताना शेड गप्प झाली तेव्हा माझ्या पोटात जे झालं ते नाटकामुळे नव्हतं. मी ते आधी बघितलं होतं.

बारावीची परीक्षा झाल्यावरची गोष्ट. माझी चुलत बहीण, जिला मी ताई म्हणतो, लग्नानंतर दीड वर्षात घरी परत आली होती. नवरा मारतो, एवढंच तिनं सांगितलं होतं, तेही काकूला, चुलीपुढे. तीन महिने ती राहिली आणि मग आमच्या ओसरीवर बैठक बसली. तिकडून सासरे आणि एक मध्यस्थ, इकडून आप्पा म्हणजे तिचे वडील, मामा, आणि सगळ्यांत थोरले नाना.

कुणी आवाज चढवला नाही. मी अजूनही ती बैठक शब्दाशब्दानं लिहू शकतो, आणि लिहिली तर तुम्ही म्हणाल, काय चांगली माणसं आहेत. बाळ, आम्ही तुझ्या भल्याचंच बघतो. भांड्याला भांडं लागायचंच. लेकीचं घर तिकडं, पण हे दार तुला कायम उघडं. मामा तर म्हणाले, तुला काय त्रास आहे तो मोकळेपणानं सांग, आम्ही ऐकायलाच बसलोय.

आणि हे म्हणताना मामांचा अंगठा डाव्या तळव्यावर तंबाखू मळत होता. नजर तळव्यावर. ताईनं तोंड उघडलं आणि त्याच वेळी नानांनी अडकित्ता उचलला. सुपारी कातरल्याचा तो कट्‌ कट्‌ आवाज. ती थांबली. अडकित्ता थांबला. ती पुन्हा बोलायला गेली, पुन्हा कट्‌. सासरे मांडीवर पाय टाकून तो हलवत होते. आप्पा सतरंजीचा दुमडलेला कोपरा सरळ करत होते, तो पुन्हा दुमडायचा, ते पुन्हा सरळ करायचे. मामांनी तंबाखूवर टाळी मारली, चिमूट दाढेत धरली, आणि ताईचं बोलणं झालं असं सगळ्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी ती नांदायला गेली.

ती कायमची परत आली त्याला पुढे आणखी दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांबद्दल लिहिण्याचा हक्क मला नाही.

आता मी पुण्यात नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या काही जणांनी एकांकिका स्पर्धेला उतरायचं ठरवलं आणि संहिता लिहायचं काम माझ्यावर आलं. मी ती बैठक लिहिली. नावं बदलली, गाव बदललं. संवाद एका रात्रीत झाले, ते पाठच होते. कंसांना तीन महिने लागले. अडकित्ता कुठल्या शब्दावर वाजतो, हे मी कोड डीबग करतो तसं ओळीओळीनं तपासलं. आणि लिहिता लिहिता सतरंजीच्या कोपऱ्याशी अडलो. इतकी वर्षं मला वाटायचं की आप्पांचं लक्ष नव्हतं, पोरीपेक्षा त्यांना सतरंजी महत्त्वाची होती. पण त्यांचं पात्र लिहायला बसलो तेव्हा तो हात मला काही केल्या निर्लज्ज लिहिता येईना. नानांचा हात तिला थांबवत होता. आप्पांच्या हाताला दुसरं काही सरळ करता येत नव्हतं. दोन्ही हात दिसायला सारखेच, चाळा करणारे. मी 'चाळा' हा शब्द खोडला आणि फक्त काय केलं तेवढं लिहिलं.

परवानगी घेतल्याशिवाय हे करायचं नाही, एवढी अक्कल होती. ताई आता सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. मी पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली. दोन निळ्या टिका आल्या आणि चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी कंपनीच्या बसमधून फोन आला, मागे गाडीचा आवाज.

"वाचलं," ती म्हणाली. "नानांचा अडकित्ता बरोबरे. मी तर पार विसरले होते. वाचताना कानात वाजला बघ."

मग म्हणाली, "पण एक चुकलंय. तू मला सगळीकडं मान खाली घालून उभी केलीय."

मी म्हणालो, "ताई, मला तसंच आठवतंय."

"मान खाली नव्हती रे. मी दाराकडं बघत होते. सतरा वेळा बघितलं असंल. दारामागं माझी पिशवी भरून ठेवलेली होती. त्यांनी नीट इचारलं असतं तर मी म्हणणार होते, मी नगरला जाते, मैत्रिणीकडं राहते, काम बघते. पिशवी तयार होती माझी."

मला काही बोलता येईना. तीन महिने ओळीओळीनं तपासलं होतं. मोठ्यांचे हात, पाय, अंगठे, सगळं नोंदवलं होतं. तिच्यासाठी मात्र मी मालिकेतली बाई उचलून ठेवली होती आणि ती पिशवी उडवून टाकली होती.

"आणि तू कुठंयस ह्यात?" तिनं विचारलं.

"मी कुठं होतो बैठकीत?"

"होतास की. असं काय करतोस."

मी पात्रांची यादी डोळ्यांसमोर आणली. नाना, आप्पा, मामा, सासरे, मध्यस्थ, काकू, ताई. सात. 

"चहाचे कप गोळा करत होतास तू," ती म्हणाली. "मामांचा नेला, नानांचा नेला. माझ्या हातातला पण काढून नेलास. अर्धा प्यायचा होता अजून."

बस थांबल्याचा आवाज आला. स्टॉप आला, ठेवते, म्हणाली. रात्री मी फाईल उघडली. आठवं पात्र घातलं, वय सतरा, त्याला एकही वाक्य दिलं नाही. मग ताईच्या त्या उभं राहण्यावर गेलो, मान खाली असलेलं सगळं खोडलं, दार लिहिलं, दारामागची पिशवी लिहिली. कपापाशी आल्यावर बराच वेळ बसून राहिलो. तो कप हातातून घेताना मी तिच्याकडे बघितलं होतं का, ते आठवत नव्हतं, आणि कंसात काहीतरी एक लिहावं लागणार होतं.